बागचीबाबूंनी स्तुती केली नाही

आयर्लंडमधल्या ड्रोहेड्याला मी तीन महिन्यांसाठी आलो होतो. परतीच्या तिकिटावर मे महिन्याची तारीख होती. तारीख येऊन गेली, करोनामुळे विमान काही आलं नाही. ऑगस्ट उजाडला तेव्हा मुलगा आशिष स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका कंपनीचं काम करत होता, सून कौमुदी वरच्या खोलीत दुसऱ्या कंपनीचं काम करत होती, आणि मी मधल्या जिन्यावर बसून कुणाच्या मीटिंगमध्ये खोकलं तर कमी नुकसान होईल याचा विचार करत होतो. सत्तरीपुढच्या माणसांनी कोशात राहावं, असं इथल्या सरकारने वसंतात सांगितलं होतं. शब्द त्यांचाच. कोशातून पुढे फुलपाखरू निघतं अशी त्यांची समजूत असावी. माझ्या बाबतीत मफलर निघाला.

आमच्या मागच्या अंगणाला छातीइतकं लाकडी कुंपण आहे. कुंपणापलीकडे त्रिदिवेश बागची. माझ्यासारखेच अडकलेले. कोलकात्याचे कवी आणि समीक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. कवी म्हणून थोडे प्रसिद्ध, समीक्षक म्हणून बरेच, आणि ज्यांच्या पुस्तकांवर लिहिलं त्यांच्या घरांत सर्वांत जास्त. मुलगी सुचित्रा इथल्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात डॉक्टर. जावई लांबच्या पोर्टलीश गावातल्या हॉस्पिटलात, तिकडेच खोली घेऊन राहिलेला. त्यामुळे बागचीबाबू दिवसभर एकटे. प्लास्टिकची खुर्ची, अंगावर शाल, आणि पाऊस थांबला की बाहेर येऊन तो परत सुरू व्हायची वाट बघणं.

आमची बोलायची भाषा हिंदी. त्यांचं हिंदी बंगाली वळणाचं, माझं पुणेरी. कुणी खरा हिंदीवाला तिथे असता तर कुंपण ओलांडून पळाला असता. माझं नाव रविकांत, पण ते मला रोबिकांतोबाबू म्हणत. सुचित्रा मला काकू म्हणे, कारण बंगालीत काकाला काकू म्हणतात. हे कळल्यावर कौमुदी आठवडाभर खुशीत होती. त्या वर्षी खुशीला एवढं कारण पुरायचं.

एका सकाळी बागचीबाबू कुंपणाशी आले ते चेहरा पाडूनच. कोलकात्याहून एका मासिकाच्या संपादकाचा फोन आला होता. बंगाल्यांमध्ये दुर्गापूजेला पूजा अंक निघतात. आपल्या दिवाळी अंकांसारखंच प्रकरण. तेवढंच जाड, तेवढ्याच घाईचं, आणि तेवढ्याच लोकांनी शेवटपर्यंत वाचलेलं. त्या अंकासाठी शिवतोष मित्र यांच्या नव्या कवितासंग्रहाचं परीक्षण हवं होतं. मित्र हे त्यांचं आडनाव. मित्रबाबू कोलकात्यात हॉस्पिटलात होते, नाकाला ऑक्सिजन लावलेला. परीक्षण त्रिदिवनेच लिहावं, अशी त्यांची इच्छा होती म्हणे.

मी म्हटलं, मग लिहा की. त्यावर त्यांनी मला सगळी हकीकत सांगितली, आणि ती सांगताना दोनदा खुर्चीवर जाऊन बसले.

शिवतोष मित्र आणि ते तरुणपणी एका मेसमध्ये, एकाच खोलीत राहत. एका ताटात जेवत, एकमेकांच्या चपला घालून कॉलेजात जात. पुढे मित्रबाबूंचा संग्रह आला, आणि बागचीबाबूंनी त्यावर लिहिलं: ‘या कवीकडे छत्री फार उत्तम आहे, पाऊस मात्र नाही.’ वाक्य गाजलं. कॉफी पिताना लोक ते एकमेकांना म्हणून दाखवू लागले. मित्रबाबूंनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं, ते तीस वर्षं झाली तरी टाकलेलंच. मात्र त्यांचा प्रत्येक नवा संग्रह बागचीबाबूंकडे पोस्टाने येत राहिला. पहिलं पान कोरं. पुस्तक देताना आत चार स्नेहाचे शब्द लिहायची त्यांच्याकडे रीत आहे. मित्रबाबू शब्द सोडून बाकी सगळं पाठवत. बागचीबाबूंनी प्रत्येक संग्रह वाचला, आणि एकाविषयीही पुन्हा लिहिलं नाही.

“पुन्हा खरं लिहिलं तर तो पुन्हा जाईल,” ते म्हणाले. “आणि या वेळी परत यायला त्याच्याकडे वेळ नाही.”

मी म्हटलं, आधी वाचून तर बघा. तिथेच दुसरी अडचण होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एप्रिलमधलं ऑपरेशन महामारीने पुढे ढकललं होतं. संग्रहाच्या पानांचे फोटो फोनवर आले होते, पण त्यांना ते पान आहे की पराठा एवढंही दिसत नव्हतं. सुचित्राने ड्यूटीवरून आल्यावर वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला झोपली. बागचीबाबूंनी ते कवितेच्या विरोधात धरलं नाही. पोरगी मार्चपासून दमलेली होती.

मला वेळच वेळ होता. सुचित्राने बंगाली आणि देवनागरी अक्षरं शेजारी शेजारी मांडून एक कागद दिला. बंगाली अक्षरं आपल्याला लग्नात भेटणाऱ्या लांबच्या नातेवाइकांसारखी वाटतात. चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही. दोन आठवड्यांत नावं आठवली. अर्थ कळण्याचा प्रश्नच नव्हता.

मग कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे ते, मध्ये सरकारने सांगितलेलं अंतर. आशिषच्या टॅब्लेटवर पानं मोठी करून मी वाचायला लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी माझे उच्चार सुधारले. मी ‘जल’ म्हणे, ते ‘जोल’ म्हणत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सोडून दिलं. म्हणाले, चांगला वाचणारा वाईट कवितेला हात देऊन नदीपार नेतो, त्यांनी स्वतः दोस्तांच्या किती तरी कविता अशा नेल्या आहेत. तुम्हाला काही कळत नाही, तुम्ही शिवतोषला मदत करू शकत नाही, तेव्हा तुम्हीच योग्य. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी शिफारस.

वाचताना ते डोळे मिटून बसत आणि उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर वाजवत. कविता चालत असली की बोटं चालत. कविता नुसती बोलायला लागली की बोटं थांबत. थोड्याच दिवसांत मला बंगाली न येताही शिवतोष मित्र कसे कवी आहेत ते कळलं. बोटं फार वेळ थांबलेली असत. मधूनच एखाद्या कवितेत अर्ध्यापर्यंत वाजत, मी आशेने आवाज चढवी, आणि ती परत दांडीवर पडून राहत. वरून सीगल ओरडत जात. समुद्र जवळ आहे इथे, पण दिसत नाही; फक्त त्याची पाखरं येऊन तक्रार करतात.

शेवटचं पान झालं तेव्हा बागचीबाबूंनी डोळे उघडले. मी विचारलं, काय वाटलं? ते म्हणाले, छत्री अजून चांगली आहे.

मी त्यांना एक सुचवून पाहिलं. म्हटलं, उपरोधाची एक सोय आहे. अशी स्तुती करायची की कवी खूश होतो आणि शहाण्या वाचकाला खरं ते कळतं. आमच्याकडे सत्कारांच्या भाषणांत ही पद्धत सर्रास आहे.

“आमच्याकडे पण आहे,” ते म्हणाले. “पण शिवतोष कवी साधारण आहे, रोबिकांतोबाबू. वाचक फार मोठा आहे. त्याला पहिल्या ओळीत कळेल.”

सुचित्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती सहसा आमच्या बोलण्यात पडत नसे. त्या दिवशी ती बाहेर आली. आधी बंगालीत काहीतरी म्हणाली, मग मलाही कळावं म्हणून हिंदीत.

“एप्रिलभर मी रोग्यांच्या तोंडासमोर टॅब्लेट धरून उभी होते, बाबा. पलीकडून त्यांची माणसं बोलायची. तुम्ही छान दिसताय, पुढच्या आठवड्यात घरी याल, कुत्रा वाट बघतोय. सगळं खोटं. मी ऐकत होते. त्यातल्या एकाही खोट्याने कुणाचं काही बिघडलं नाही. दोन चांगल्या ओळी लिहा. तुमचं काय जाणार आहे?”

मी टॅब्लेटची काच रुमालाने पुसत राहिलो. ती स्वच्छच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला कुंपणाशी बोलावलं. लिहिता येत नव्हतं, म्हणून परीक्षण बोलून, आवाज रेकॉर्ड करून संपादकाला पाठवायचं ठरलं होतं. फोन मी कुंपणावरून धरायचा. ते बोलायला लागले. मला दहातला एखादा शब्द कळत होता, पण दोन आठवडे ज्या बोटांकडे बघितलं ती काय म्हणाली होती ते मला ठाऊक होतं, आणि आता तोंड तेच म्हणत होतं. आवाज चढला नाही, टोमणा आला नाही. एकेक कविता घेऊन ते सावकाश, थकून बोलत होते, जसा जुना वैद्य नाडी धरून बोलतो. मधेच सीगल ओरडले की थांबत आणि वाक्य पुन्हा सुरुवातीपासून म्हणत. आतून स्वयंपाकघराची खिडकी बंद झाली. बंद करणाऱ्याने ती आवाज होईल अशी केली.

रेकॉर्डिंग गेलं. त्यानंतर सुचित्रा वडिलांना वेळेवर औषध देई, वेळेवर खिचडी वाढे, आणि बोलत नसे. बागचीबाबूंनी खुर्ची कुंपणापासून थोडी लांब नेली. मी विचारलं की काही ऐकायचंय का, माझ्याकडे मराठीतल्याही वाईट कविता पुष्कळ आहेत. ते नको म्हणाले. जेवण निम्मं टाकू लागले. एकदा म्हणाले, सुचित्राचं बरोबर होतं बहुतेक. मी एका वाक्यासाठी एकाच माणसाला दोनदा घालवला. पाऊस आला म्हणून दोघंही आत गेलो.

त्या वर्षी अंक छापण्याआधी इंटरनेटवर आला. ज्या दिवशी आला त्याच संध्याकाळी बागचीबाबूंचा फोन वाजला. ते अंगणात होते. नंबर दिसत नव्हता म्हणून फोन त्यांनी कुंपणावरून माझ्याकडे दिला. पडद्यावर बंगालीत नाव होतं. मी ते आता वाचू शकत होतो, आणि वाचलं. बागचीबाबू खुर्चीत बसले. मग म्हणाले, घ्या. मी कॉल घेऊन फोन त्यांच्या हातात परत दिला.

व्हिडिओ कॉल होता. नाकाला नळी लावलेला एक वाळका माणूस, मागे हिरवा पडदा. तो बंगालीत बोलत होता आणि दर दोन वाक्यांनंतर श्वासासाठी थांबत होता. सुचित्रा नुकतीच ड्यूटीवरून आली होती, गाडीची किल्ली हातातच होती. ती येऊन वडिलांच्या मागे उभी राहिली आणि तिने मला हलक्या आवाजात सांगितलं, ते असं:

“त्रिदिव, इथे सगळे मला महाकवी म्हणायला लागलेत. ज्यांनी माझं एक पुस्तक उघडलं नाही तेसुद्धा. संपादकाने शाल पाठवली. परवा डॉक्टरने माझी ओळ म्हणून दाखवली. मी ओळखलं, आटोपलं आता. म्हटलं, एकदा त्रिदिवला विचारू. तो पण स्तुती करायला लागला तर मग नक्कीच मरतोय.”

बागचीबाबूंनी फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

“आज दुपारी नर्सकडून दोनदा वाचून घेतलं,” पलीकडचा माणूस म्हणाला. “पहिल्या कवितेबद्दल तू साफ चुकतोयस. अजून तुला कान नाही.”

बागचीबाबू खुर्चीत सरळ झाले. त्यांनी शाल मागे टाकली. मग जे सुरू झालं ते सुचित्राने मला सांगायचं थांबवलं, कारण दोघंही एकाच वेळी बोलत होते, आणि तीस वर्षं न बोललेल्या दोन माणसांचं एकाच वेळी बोलणं हिंदीत आणणं कठीण. फोनची बॅटरी संपत आली. सुचित्रा आत गेली, बंद केलेली खिडकी उघडली आणि तिच्यातून वायरचं लांब एक्स्टेन्शन अंगणात सोडलं. चार्जर लावून तिने ते जागेवर धरून ठेवलं, कारण खुर्चीपर्यंत वायर थोडी कमी पडत होती. ती तशीच उभी राहिली, पायात हॉस्पिटलचे बूट, डोळे मिटत होते.

त्यानंतर जवळजवळ रोज फोन येई. मित्रबाबूंचा श्वास संपला की कॉल संपे. त्यांचं म्हणणं असं की संग्रहाचा क्रम त्यांनी विचारपूर्वक लावला आहे, तेव्हा भांडणही क्रमानेच व्हायला हवं. एक कविता निकालात निघाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. बागचीबाबू जेवायला लागले. सुचित्राशी त्यांचं बोलणं सुरू झालं, म्हणजे मित्रबाबू कसे हट्टी आहेत ते ते तिला सांगू लागले. ऑक्टोबरात घरापासून पाच किलोमीटरपलीकडे न जाण्याचा नियम पुन्हा आला. अंगणात बसण्याची थंडी संपून घरात बसण्याची थंडी सुरू झाली. मी खिडकीतून हात केला की ते फोन दाखवून थांबा अशी खूण करत.

शिवतोष मित्र कार्तिकात गेले. तोवर भांडण सहाव्या कवितेपर्यंत आलं होतं.

मी दोन दिवसांनी मफलर गुंडाळून कुंपणाशी गेलो. बागचीबाबू बाहेर बसले होते. खुर्ची ओली होती, त्यांना पर्वा नव्हती. त्यांची बोटं दांडीवर हलत होती. मी विचारलं, काय चाललंय.

“सातवी,” ते म्हणाले. “आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं. तो जास्त वेळा जिंकतो.”