हरिद्रानंदांचं पिवळं फडकं

गंगेकाठी मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत रत्नाकररावांचं यात्रीनिवास आहे. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंना तिथे गरम पोळी नि साधं वरण मिळतं, म्हणून बारा महिने गर्दी. त्या दिवशी मात्र अख्खा नोकरवर्ग अंगणात हात पसरून उभा होता आणि समोर पाटावर हरिद्रानंद महाराज बसले होते. शेजारी परातीत हळदीत भिजवून वाळवलेल्या फडक्यांची चळत.

"सुई नाही, रक्त नाही, रिपोर्ट नाही," महाराज म्हणाले. "शरीर का विष हथेली में उतरता है. हातच्या कंकणाला आरसा कशाला? या, पुढे या."

मोरीवर भांडी घासणारी सुरेखा पुढे झाली. महिन्यापूर्वीच्या तपासणीत तिच्या हाताला लागून फडकं लालभडक झालं होतं आणि महाराजांनी यकृत सांगितलं होतं. मोरीवरच्या दुसरीला मूत्रपिंड, दारावरच्या रखवालदाराला फुप्फुस. पंगतीत भाजी वाढावी तसे त्यांनी अवयव वाढले होते. वर प्रत्येकाला पथ्य: तंबाखू सोडा, रोज हाताला लिंबू चोळा, तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करा नि कुठल्याही कामाला हात लावू नका.

आज महाराजांनी फडक्यावर गंगाजल शिंपडलं, सुरेखाच्या तळहातावर चोळलं. फडकं पिवळंच राहिलं. सुरेखा रडत त्यांच्या पायांवर पडली. मग रखवालदार, तोही पिवळा. लोकांनी जयजयकार केला.

"आणि हा तर मुळातच निरोगी," महाराजांनी आचारी वेणीमाधवांकडे बोट दाखवलं. "दोन्ही वेळा पिवळा."

वेणीमाधव लाजून हसले. त्यांची मुलगी नीरजा दाराशी उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरून ती तडक आली होती, कारण सकाळी वडिलांच्या उशीखाली तिला साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली होती. वडील लंगडत होते नि चपलेत मोजा घातला होता.

"बाबा, गोळ्या कधीपासून बंद?"

"पहिल्यांदा पिवळं आलं तेव्हापासून. निरोगी माणसानं कशाला खायच्या?"

"आणि हा पाय?"

"ठेच लागली होती गं. होईल बरं."

नीरजाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती शिक्षिका होती. आधी प्रश्न विचारायची सवय. "महिन्यापूर्वी कोण कोण लाल निघालं होतं?"

हात वर झाले. मोरीवरच्या झाडून साऱ्या बायका आणि तळहातावर तंबाखू-चुना मळणारे सगळे पुरुष. कणीक मळणारा, भाजी चिरणारा एकही नाही.

"म्हणजे रोग काय मोरीपाशी दबा धरून बसतो? महाराज, तुमचा हात बघू."

हात वर होत असताना महाराजांनी खांबाआड जाऊन तंबाखू-चुना मळून ओठाखाली दाबला होता, ते तिनं पाहिलं होतं. त्यांनी हात मागे घ्यायच्या आत तिनं ओलं फडकं चोळलं. लालभडक.

महाराजांनी डोळे मिटले. "मैंने तुम सबका रोग अपने हाथ पर ले लिया."

खोटारडेपणालाही काही लाज असावी. पण दोन बायकांनी तेवढ्यावरही पदर डोळ्यांना लावला.

नीरजानं मोरीवरून साबणाची वडी आणली, ओल्या फडक्यावर घासली. तेही लाल. "साबणाला काय झालंय महाराज, यकृत की मूत्रपिंड?" पहिला हसला तो रखवालदार. मग तिनं वर लिंबू पिळलं आणि डाग पिवळा झाला. "घ्या, साबण बरा झाला. हळदीला खार लागला की ती लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. साबण, सोडा, चुना हे सगळे खार. लुगड्यावरचा हळदीचा डाग धुताना काय होतं, सुरेखामावशी?"

"लाल होतो," सुरेखा म्हणाली आणि खाली बघत राहिली.

महाराजांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. नीरजानं वडिलांना खाली बसवून मोजा काढला. दोन बोटं काळी पडली होती आणि जवळचे लोक नाकाला हात लावून मागे सरकले.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. महिनाभर गोळ्या चालू असत्या आणि जखम वेळेवर दाखवली असती, तर बहुधा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. अख्ख्या यात्रीनिवासात पाय गेला तो एकट्या निरोगी माणसाचा. रत्नाकरराव संत्री घेऊन दवाखान्यात आले, चौकशी केली आणि जाताना म्हणाले, "उभं राहता येत नाही म्हटल्यावर दुसरा आचारी बघितलाय. समजून घ्या."

पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांचं रक्त तपासायला खरा डॉक्टर बोलावला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसला प्रकार. डॉक्टर सकाळपासून बसून होता, एक माणूस फिरकला नाही.

"अडाणी लेकाचे," रत्नाकरराव नीरजाला म्हणाले. "सुईला घाबरतात."

"सुईला नाही, तुम्हाला घाबरतात. गेल्या वर्षी तुमच्या वाढप्या नीलकंठला क्षय निघाला, ते तुम्ही भर पंगतीत वाचून दाखवलंत नि संध्याकाळी त्याची ट्रंक गल्लीत ठेवलीत. आता माझ्या बाबांना काढलंत. हे बघून कोण हात पुढे करेल? महाराजानं त्यांना फसवलं, पण त्याच्या दाराशी नेऊन सोडलं तुम्ही."

सगळा नोकरवर्ग ऐकत होता, म्हणून असेल, किंवा यात्रेकरूही ऐकत होते, म्हणून असेल, अखेर रत्नाकररावांना सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं: तपासणी बंद दाराआड, निकाल ज्याचा त्याच्याच हातात, आजार निघाला तर औषध नि रजा, नोकरी जाणार नाही. आणि वेणीमाधव बसल्या जागी स्वयंपाकघर सांभाळतील.

सुरेखा पहिली आत गेली. बाहेर आल्यावर तिनं आपण होऊन नीरजाला सांगितलं, "साखर निघाली. खूप आहे म्हणे. आता गं?"

"आता रोज गोळी, आणि महिन्यानं पुन्हा रक्त. कुणी फडकं घेऊन आलं, नारळ घेऊन आलं, तर आधी साबणावर करून दाखव म्हणायचं."

सुरेखानं मान डोलावली. मग मागे वळून रखवालदाराला म्हणाली, "जा आत. माझ्या घरचा असतास तर कान धरून नेलं असतं."