संकेश्वरी मिरचीची सिद्धता

आमच्या घराण्यात एम.ए. झालेला मी पहिला आणि, देव करो, शेवटचा. गणित घेऊन झालो. त्यातही शुद्ध गणित, म्हणजे जे कुणाच्या बापाच्या उपयोगाला येत नाही ते. मूळ संख्या कुठं दाट आणि कुठं विरळ, यावर मी बेळगावात कॉलेजच्या पोरांची डोकी खात असे आणि अनगोळच्या भाड्याच्या खोलीत स्वतःचं. गुंजीजवळच्या आमच्या गावी लोक विचारत, "रवळू, त्या संख्यांचं करायचं काय रं?" यावर मी असा हसे, की विचारणाऱ्याला आपणच अडाणी आहोत असं वाटावं. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मला शिकवलं आक्कानं. मनुबाई तिचं नाव, माझ्याहून बारा वर्षांनी थोरली. लग्न होऊन निपाणीला गेली, चार वर्षांत दादला वारला, आणि ती तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला बसली. आईबाप नसलेल्या भावाला तिनं त्या वखारीच्या जिवावर पुण्यापर्यंत धाडलं. अक्षर वाचता येत नव्हतं तिला, पण माझ्यावर जो विश्वास होता तो लोकांचा देवावरही नसतो. "माझ्या रवळूचं गणित चुकायचं न्हाय," हे ती वखारीत दिवसातून चारदा सांगे. मलाही ते पटलेलं होतं, आणि तिथंच सगळं बिघडलं.

१९३८ साली निपाणीच्या तम्मण्णा चौगुले डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. भला माणूस, पण विषांचा नादी. दवाखान्यामागच्या पडवीत बेडूक आणि ससे पाळलेले. त्यांना तंबाखूचं पाणी टोचायचं आणि काय होतं ते वहीत टिपून ठेवायचं. बेडूक मरत. पण डॉक्टरांकडे गालाच्या, जिभेच्या कॅन्सरचे रोगी फार येत आणि हे तंबाखूनं होतं असा त्यांना संशय होता.

"बेडूक काही आपणहून तंबाखू खात नाही हो, माणूस खातो," ते म्हणाले. "माणसाला टोचून बघता येत नाही. मोजूनच बघायला पाहिजे. ते तुमचं काम."

मूळ संख्या सोडून रोगी मोजायचे, म्हणजे गवयाला दवंडी पिटायला लावण्यासारखं. तरी मोठे उपकार केल्याच्या तोऱ्यात मी हो म्हणालो.

पद्धत साधी होती. एका बाजूला रोगी, दुसऱ्या बाजूला तितकीच धडधाकट माणसं, दोघांनाही तेच प्रश्न. डॉक्टरांचं म्हणणं होतं, "सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय घालता, एवढंच विचारू या आणि ऐकत बसू या." मी म्हणालो, "अहो डॉक्टर, ही शास्त्रीय चौकशी का चावडीवरच्या गप्पा? उत्तरं दोनच पाहिजेत, होय किंवा नाही." प्रश्न मीच काढले. तंबाखू खाता का, विडी ओढता का, असे दहा झाले. पण दहा ही मूळ संख्या नव्हे, अकरा आहे. म्हणून मी एक जास्तीचा घातला: तिखट झोंबतं का? अशी माझी अक्कल.

डॉक्टरांच्या कंपाउंडरनं घरोघर हिंडून कागद भरून आणले. पुरुषांचं काही जमेना. रोगी तंबाखू खात, तसे धडधाकटही खात. निपाणीत तंबाखू न खाणारा पुरुष सापडलाच तर तो पाहुणा असायचा. बायकांचे कागद मात्र बोलके निघाले. चौतीस रोगी बायकांपैकी एकतीस जणींनी सांगितलं होतं, तंबाखू खात नाही, विडी ओढत नाही. मग रोग तंबाखूनं कसा होईल? आणि अकराव्या प्रश्नाला तर झाडून सगळ्या रोग्यांचं उत्तर होय! धडधाकट माणसं बहुतेक नाही म्हणत होती. इतका लख्ख फरक मी जन्मात पाहिला नव्हता. पानंच्या पानं आकडेमोड करून मी सिद्ध केलं, की तंबाखू निर्दोष आहे आणि खरी गुन्हेगार आहे संकेश्वरी मिरची.

"पण तोंडात जखम असली की तिखट झोंबणारच की हो," डॉक्टर चाचरत म्हणाले.

मी त्यांच्यापुढं एक लांबलचक ग्रीक अक्षरांचं समीकरण ओढलं. बिचारे मॅट्रिकला गणितात एकदा नापास झालेले. त्यांनी मान डोलावली.

गणपतीच्या दिवसांत निपाणीला माझं व्याख्यान झालं. तंबाखूचे व्यापारी पहिल्या रांगेत होते. त्यांना माझं गणित इतकं कळलं, इतकं पटलं, की शाल, नारळ आणि टाळ्यांचा नुसता पाऊस. व्यापाऱ्याला शुद्ध गणित एका बैठकीत पटतं तेव्हाच कुणाही शहाण्याला शंका यायला हवी होती. मला नाही आली. आक्का मागं बायकांत बसून डोळ्याला पदर लावत होती.

त्या संध्याकाळी घरी तिनं शाल सात वेळा उलगडून पाहिली. मग म्हणाली, "रवळू, माझ्या गालात आतनं कायतरी पांढरं आलंया बघ. झोंबतंय." मी तोंडात बघितलंसुद्धा नाही. "मिरची सोड," म्हणालो, "आपोआप जाईल." तिनं त्याच दिवसापासून मिरची सोडली. तिखटाशिवाय घास न गिळणारी बाई दहीभातावर आली, आणि वखारीत सांगत सुटली, भावानं औषध दिलंया.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडं राहायला गेलो. गाल बाहेरून सुजलेला दिसला. मी मनातल्या मनात ठरवलं, चोरून लोणचं खात असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या निबंधाची जुळवाजुळव करत होतो, आणि चुलीवरनं धुराचा असा खाट उठला की शिंकून शिंकून जीव मेटाकुटीला आला. आक्का तव्यावर पानं भाजत होती. काळी झाली तशी चुरली, बोटावर घेऊन दात घासले, आणि शेवटची चिमूट दुखऱ्या गालात सरकवून तशीच धरून बसली.

"काय हाय ते?" मी विचारलं.

"मिश्री. जल्मात बघितली न्हाईस व्हय? गालात धरली की बधिर हुतंय, जरा बरं वाटतंय."

"कशाची करतीस?"

"तंबाखूची. तुमच्या बेळगावात काय केळीच्या पानाची करत्यात?"

"आक्का, कंपाउंडर विचारायला आलता तवा तू काय सांगितलीस?"

"तंबाखू खात न्हाय म्हणून सांगितली. खोटं हाय व्हय? तंबाखू खातात गडीमाणसं. आमी दात घासतो."

अरे देवा! माझी आई मिश्री लावायची. माझी आजी लावायची. त्या धुरात शिंकत शिंकत मी पाढे पाठ केले होते. मिश्री तंबाखूचीच असते हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी प्रश्न लिहिताना डोक्यात आलं नाही. कारण प्रश्न मी पुण्यात शिकलेल्या डोक्यानं काढले होते, आणि त्या डोक्यात आक्काचं स्वयंपाकघर नव्हतंच.

मी आणि डॉक्टर त्या एकतीसही रोगी बायकांच्या घरी स्वतः गेलो. सहा बायका तोवर वारल्या होत्या. तीस घरांत मिश्रीचा डबा निघाला. एकतिसावी म्हणाली, "मी न्हाय बाई मिश्री लावत, मी तपकीर लावती दातांना." धडधाकट बायकांत निम्म्या लावत होत्या, निम्म्या नाही. हा हिशेब शेंबड्या पोरालाही आला असता.

डॉक्टरांनी आक्काचं तोंड बघितलं आणि मला बाहेर बोलावलं. "आजच्या आज मिरजेला न्या. कॅन्सर आहे. कापायला लागेल, आणि थांबलात तर कापण्यासारखंही राहणार नाही."

आक्का जागची हलेना. "हे मिरचीनं झालंया. मिरची सोडलीया, कमी व्हईल. माझ्या भावानं समद्यांपुढं सिद्ध केलंया."

"अहो बाई, ते चुकलंय," डॉक्टर म्हणाले.

"तुमी मॅट्रिकला गणितात नापास झालता न्हवं?" हेही तिला मीच सांगितलं होतं.

मी म्हणालो, "आक्का, मी चुकलो. मी गाढव हाय."

"मला कापाय न्यायचं म्हणून बोलतोस. चुकलेल्याला शाल देत्यात व्हय?"

पुढचे नऊ दिवस मी स्वतःला मूर्ख ठरवण्यात घालवले. जन्मभर उलटं काम केलेलं, त्यामुळं हात बसलेला नव्हता. सायकलवरनं बाजारात जाऊन चालत घरी आलो होतो, ते सांगितलं. एकदा वर्गात तासभर शिकवलं आणि मग कळलं वर्ग दुसऱ्याच मास्तरांचा होता, तेही सांगितलं. आक्का कौतुकानं म्हणाली, "थोर माणसं अशीच असत्यात." मी रडलो, ओरडलो, पाय धरले. तिच्या गालाला आतनं घाण वास येऊ लागला होता, आणि ती मलाच धीर देत होती, की तुझं गणित बरोबर हाय, तू जीवाला लावून घेऊ नगंस.

दहाव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी वखारीत गेलो. शंभरेक बायका शिदोरी सोडून बसल्या होत्या, त्यात आक्का. मी तंबाखूच्या पोत्यावर चढलो आणि सगळं सांगितलं. अकरा प्रश्न कसे काढले, अकराच का काढले, झोंबणं कसं आधी धरलं आणि जखम नंतर, मिश्री कशी विसरलो. मग गुणाबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, तुमच्या घरात मिश्री भाजत न्हाईत व्हय?"

"भाजतात," मी म्हणालो.

"मग नाक कुठं ठेवलं हुतं?"

असा हशा पिकला की पत्रे हादरले. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. आक्का ताडकन उठली. "गुणे, माझ्या भावाला हसतीस? तुझ्या सात पिढ्यांत..." एवढं बोलून तिनं माझ्याकडं बघितलं. मी पोत्यावर उभा राहून हसणाऱ्या बायकांना मान हलवून व्हय व्हय म्हणत होतो आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं. तिचं वाक्य तिथंच राहिलं. तिला उमगलं असावं: शाल घेणारा माणूस खोटं बोलेल, पण शंभर बायकांत स्वतःचं हसं करून घेऊन खोटं कोण बोलतो?

वखार सुटल्यावर ती घरी आली. उंबऱ्यात बसली, मग म्हणाली, "म्हंजे आठ महिने मी मिरची उगाच सोडली?"

"व्हय, आक्का."

"मुडद्या," ती म्हणाली, आणि लुगड्यांचं गाठोडं बांधायला उठली.

मिरजेच्या सर्जन डॉक्टरांनी गाल आतून बाहेरून चाचपला, मानेत गाठ आहे का पाहिलं. गाठ नव्हती. रोगानं जबड्याचं हाड मात्र धरलं होतं. "डावा जबडा काढावा लागेल," ते म्हणाले. "जीव वाचेल असं वाटतं. तोंड वाकडं होईल, एका बाजूनं खावं लागेल. पहिल्यांदा दिसलं तेव्हाच आला असता तर चिमूटभर कापून भागलं असतं. दिसून किती दिवस झाले?"

आक्का माझ्याआधी बोलली. "महिना झाला."

"आठ महिने," मी म्हणालो. "गणपतीपासनं. मला त्याच दिवशी सांगितलं होतं हिनं."

डॉक्टरांची लेखणी थांबली. ते माझ्याकडं बघू लागले, आणि कसं बघत होते ते आक्कानं ओळखलं. तिनं खाटेवरनं हात लांब करून माझा सदरा धरला, मला आपल्या मागं ओढलं, आणि सुजल्या तोंडानं जमेल तितकं ठणकावून म्हणाली, "त्येचं नका ऐकू, डाक्टर. त्येला मोजाय येत न्हाय. म्हयना ल्ह्या."