घटबाबाची लाल हळद

वरवट बकालच्या चिंचेखाली त्या दिवशी तीळ ठेवायला जागा नव्हती. रॉकेलच्या, औषधाच्या, सरबताच्या बाटल्या पदराआड धरून बायाबापड्या ओळीने बसल्या होत्या. प्रत्येक बाटलीत लघवी!

"घट म्हंजे देहाचं पंचांग हाय!" घटबाबा गरजला. "हळद माही पिवळी, करणी वैऱ्याची लाल!" आदल्या दिवशी ठेवून घेतलेल्या लघवीच्या गाडग्यात त्याने चिमूटभर हळद टाकली. ती पाहता पाहता तांबडीलाल झाली. "घरातल्याच बाईनं केलं!" बाबाने निकाल दिला आणि समोर बसलेल्या वच्छलाबाईने त्याच्या पायांवर डोके ठेवले.

गर्दीच्या मागे मोतीराम जळत उभा होता. संग्रामपूरच्या दवाखान्यात लघवी-रक्त तपासायची नोकरी त्याची. शिकून आलेला माणूस, पण गावाने त्याचे नाव 'मुतपारखी' ठेवले होते. बाया तोंडाला पदर लावून हसत आणि बाटली न देताच निघून जात. मोतीरामने तपासले तर ते मूत आणि बाबाने तपासले तर तीर्थ! हा मत्सर होता, शुद्ध मत्सर, आणि मोतीरामला तो पुरता ठाऊक होता. त्याची स्वतःची बायको अन्नपूर्णासुद्धा बाबाला नारळ वाहून आली होती.

पण आज जळण्यापलीकडची गोष्ट होती. ते लाल गाडगे वच्छलाबाईच्या धाकट्या सुनेचे, आशाबाईचे. सातवा महिना, तोंड-पाय सुजलेले, डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. डॉक्टरांनी लघवी तपासायला मागितली होती. मोतीरामने ती आठवण दिली, तर सासू म्हणाली, "बाबानं पाह्यली ना! आता दुसऱ्याले कशाले दाखवू?" आणि घरी जाऊन तिने थोरल्या सुनेला, शालूबाईला, करणी केली म्हणून गुरांच्या कोठ्यात काढले.

दुपारी जेवताना मोतीराम धुसफुसत होता. अन्नपूर्णा म्हणाली, "उगाच जळू नका. बाबा करणी उतरवूनबी देते. पह्यल्यानं गाडगं एक दिवस देवापुढं ठेवते, मंग लाल होते. सात नारळ वाह्यले का ताजी आणाले सांगते, अन् तितंच लगेच पाह्यते. तवा पिवळीच राह्यते!"

मोतीरामच्या हातातली भाकरी हातातच राहिली. दवाखान्याच्या भिंतीवर त्याने स्वतःच लिहून ठेवले होते, 'लघवी ताजी आणावी'.

"अन् गाडगं धुते का तो?"

"छे! देवाचं गाडगं काऊन धुईन?"

मोतीरामने त्याच दिवशी आपली बाटली तिच्या हाती बाबाकडे पाठवली. नवरा ताळ्यावर आला म्हणून ती हरखून गेली.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली मोतीरामचे गाडगे पुढे आले. हळद पडली, लाल झाली. बाबाने त्याच्याकडे रोखून पाहिले. "तुह्या काळजात जळण हाय, लेका!"

मोतीरामचे कान तापले, कारण ते खरेच होते. "हाव बाबा, हाय जळण," तो म्हणाला आणि खिशातून दुसरी बाटली काढली. "हेबी माहीच. आत्ताची. टाका हळद."

"एका माणसाले एकच घट!" बाबा खेकसला.

तेवढ्यात अन्नपूर्णा उठली. तिने कोऱ्या गाडग्यात ती बाटली ओतली आणि बाबाच्याच डबीतली हळद टाकली. हळद पिवळीच राहिली. ती बाबाकडे वळली. "काऊन हो बाबा, यायनं तर एकबी नारळ वाह्यला नाई. करणी उतरली कशी?"

मोतीरामने लाल गाडग्यात लिंबू पिळले. लाल रंग पुन्हा पिवळा झाला. "शिळी लघवी सडते, तिच्यात खार तयार होतो. न धुतलेल्या गाडग्यात तर लवकरच. खारानं हळद लाल होते, कपड्यावरच्या हळदीच्या डागाले साबण लावला का होते तशी. याच्यात ना देव, ना वैरी."

"देव परीक्षा पाह्यते!" बाबा ओरडला, पण लोक आपापली गाडगी हुंगू लागले होते.

तासाभरात वच्छलाबाईनेच आशाबाईला बैलगाडीतून दवाखान्यात आणले. मागोमाग अर्धी गर्दी आली. मोतीरामने तिची ताजी लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली. वरचा भाग दूध नासावे तसा पांढरा गढूळ झाला. त्याने आम्लाचे थेंब टाकले, तरी गढूळपणा जाईना, म्हणजे लघवीतून प्रथिने जात होती, गरोदरपणातली धोक्याची खूण. डॉक्टरांनी पाहिले आणि तिला तडक जीपने खामगावला पाठवले. "आणखी दोन दिवस गेले असते तर मायलेकरं दोन्ही हातची गेली असती," ते म्हणाले.

कोणीतरी त्या दिव्यापुढे नारळ फोडला. वच्छलाबाई मोतीरामच्या पायांवर वाकली. इतके महिने त्याला हेच हवे होते, आणि खोटे कशाला सांगावे, क्षणभर ते गोडही लागले. मग त्याने पाय मागे घेतले.

"माय, मले बाबा करू नका. तुमची लघवी आणा अन् तुम्हीच तापवा."

म्हातारीने आपली लघवी नळीत आणली आणि स्वतः दिव्यावर धरली. ती स्वच्छच राहिली.

"पाह्यलं? हे कोणाच्याबी हातानं होते. जे फक्त एकाच्याच हातानं होते अन् दुसऱ्याले करू देत नाई, त्याच्यापुढं डोकं टेकवू नका. आधी विचारा, कसं होते?"

वच्छलाबाईने नळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मंग शालूले कोठ्यातून कोन्त्या तोंडानं बलावू?"

"ज्या तोंडानं हाकललं, त्याच तोंडानं," अन्नपूर्णा म्हणाली. "चला, मी येतो संगं."