राचो मिस्त्रींचं चाक

"चाक काढायचं नाही." राचो मिस्त्रींची अट एवढी एकच होती. "बाकी काय वाट्टेल ते कर. मोटरी लाव, तारा लाव, तो तुझा टीव्ही लाव. पण चाक राहील."

त्यांची मुलगी नेद्का हो म्हणाली.

चाक म्हणजे लेथचं, लोखंड कातायच्या यंत्राचं, कापायचं टूल आत-बाहेर करायचं चाक. थाळीएवढं, बिडाचं, कडेला पितळेची मूठ. लेथ कम्प्युटरवर चढवला की हे चाक आधी काढून टाकतात, कारण मोटर आतला स्क्रू फिरवते आणि त्याच्याबरोबर चाकही फिरतं. जॉब, म्हणजे बांधलेला धातूचा तुकडा, कापताना ते गरीब गाईसारखं गप्प उभं असतं. पण टूल झटक्यात मागं यायची वेळ आली की अशी भिंगरी होते की मूठ डोळ्याला दिसत नाही. नेद्काला हे कुणी सांगायला नको होतं. जर्मनीत ती वर्षानुवर्षं जुन्या लेथांना कम्प्युटरच बसवत होती. पण जगाला शिकवणारी माणसं बापासमोर शेपूट घालतात, तसं तिचं झालं.

आणि गाव आमचं गाब्रोवो. मांजर आत येताना दार जास्त वेळ उघडं राहून ऊब जाऊ नये, म्हणून त्याची शेपटी छाटतात अशी ज्या गावाची ख्याती, तिथं धडधाकट लोखंड काढून कोपऱ्यात टाकायचं? राहू दे, ती मनात म्हणाली, पुढं बघू. असली 'पुढं बघू' माणसाला महागात पडतात.

खरं कारण वेगळंच होतं आणि ते घरात कुणी बोलत नव्हतं. राचो मिस्त्रींचा उजवा हात थरथरायला लागला होता. गेल्या शरदापासून जेवताना सूपच्या वाडग्यावर चमचा टिकटिक वाजायचा. मग मिस्त्री वाडगाच तोंडाला लावायला लागले आणि म्हणाले, सूप असंच चांगलं लागतं. दहीवाल्या मिन्योच्या पंपाचे दोन शाफ्ट बिघडले, तेव्हा म्हणाले, पोलाद हलकं होतं. नेद्का समजायचं ते समजली, आणि लेथला कम्प्युटर लावूया, कामं वाढतील, असं म्हणाली. हाताची गरजच उरली नाही तर हात लपेल, बाप लेथपाशी राहील, हा तिचा हिशेब. तेही खोटं बोलत होते, हीही. गावात टर्नरचा हात हीच त्याची पाटी असते. ती पाटी हललेली लोकांना दिसली, की दुसऱ्या दिवसापासून दारात गिऱ्हाईक नाही. आणि मिस्त्रींना लेथपासून उठवलं तर ते फार दिवस काढणार नाहीत, असं नेद्काला मनापासून वाटत होतं.

जोडणी चालली होती तितके दिवस मिस्त्री खाली शेडमध्ये फिरकले नाहीत. रुसून वर स्वयंपाकघरात बसले. म्हणजे चाक कसं फिरतं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. ते खाली आले ते थेट शनिवारी सकाळी, पहिल्या जॉबच्या वेळी, स्वच्छ एप्रन बांधून. पाठोपाठ मिन्यो आला. एका हातात स्टेनलेसची सळई, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला गरम बानित्सा, चीज भरलेला. मिन्यो म्हणजे गावाचा भोंगा. त्याला सांगितलेलं बाजारातल्या कॉफीच्या दुकानात त्याच्या आधी पोचतं.

"काय राचो, पोरीनं तुला रिटायर केलं म्हणे!"

"मला रिटायर करणारा अजून जन्माला यायचाय," मिस्त्री म्हणाले. त्यांनी शुभ काम म्हणून तांब्यातलं पाणी उंबऱ्यावर ओतलं. तांब्या दोन्ही हातांनी धरला होता. उरलेलं पाणी लेथवर शिंपडायला निघाले, तशी नेद्का ओरडली, "बाबा, विजेच्या पेटीवर नको! शुभ व्हायच्या आधीच सगळे वर जाऊ!"

मिन्यो खदखदून हसला आणि स्टुलावर ठाण मांडून बसला. शाफ्ट घेतल्याशिवाय हलणार नाही, आधीच दोनदा हात हलवत गेलोय, म्हणाला.

नेद्कानं सळई चकात, लेथच्या फिरत्या जबड्यात, बांधली, पडद्यावर प्रोग्रॅम लावला आणि वळून म्हणाली, "बाबा, इथं माझ्याशेजारी या. तिथं उभं राहायचं काम नाही आता."

"मी माझ्या जागेवर आहे." मिस्त्री चाकापाशीच उभे होते.

"बरं, पण चाकाला हात लावू नका हां. ते फिरतं."

"मला चाक शिकवतेस?"

मिन्यो टक लावून बघत होता. नेद्कानं आणखी वाद घातला नाही आणि हिरवं बटण दाबलं. चक गरगरलं, टूल थंड ठेवणारं दुधासारखं कूलंट सुटलं, टूल सळईला भिडलं आणि चकचकीत कीस निघायला लागला. आवाज एकसारखा, गोड. जीव भांड्यात पडावा असाच तो आवाज होता.

तेवढ्यात तिनं पाहिलं. मिस्त्रींचा उजवा हात चाकावर होता. पितळेच्या मुठीवर बोटं घट्ट आवळलेली.

"बाबा, हात!"

"अगं, कट कसा चाललाय बघतोय. तुझ्या टीव्हीत हे दिसतं का?"

टूल सळईवरून डावीकडं सरकत होतं. चाक स्तब्ध होतं, मोटरनं ते धरून ठेवलं होतं. टूल शेवटाला पोचलं की झटक्यात मागं येणार होतं, आणि त्या क्षणी ही मूठ बोटांसकट गरगरणार होती. मनगट कुठल्या कुठं जाईल.

"बाबा, सोडा म्हणते ना! लागेल!"

"काही लागत नाही. चालू दे."

ते हट्टानं असं करताहेत असं तिला वाटलं, आणि तिला रागच आला. मग तिचं लक्ष त्या हाताकडं नीट गेलं. हात थरथरत नव्हता. किती महिन्यांनी तो हात तिनं असा शांत बघितला होता. चाक गच्च उभं होतं, म्हणून हातही उभा होता. बाबा कट बघत नव्हते, काही बघत नव्हते. ते मिन्योच्या डोळ्यांसमोर हात लपवत होते. मूठ सोडली असती तर हात हवेत आला असता.

आता ओरडावं तर दचकून मूठ आणखी आवळणार. धावत जाऊन ओढावं तर मध्ये फिरतं चक. खरं कारण सांगावं तर मिन्यो बसलेला. टूल शेवटच्या बोटभर अंतरात आलं. आणि तिला एकदम वाटलं, हे चाक मीच ठेवलं. मीच.

तिनं लाल बटणावर पंजा हाणला.

सगळं खाडकन थांबलं. कूलंटचे चार थेंब टपटपले. सळईवर टूलची बारीक रेघ उमटली होती.

"मेला का तुझा कम्प्युटर?" मिन्यो म्हणाला. "माझा तिसरा शाफ्ट गेला म्हणायचा!"

राचो मिस्त्री लालबुंद झाले. "कुणी सांगितलं थांबवायला? सोन्यासारखा चालला होता! चारचौघांत बापाची शोभा करायची होती का तुला?"

"तुमचा हात चाकावर होता."

"असेल! चाळीस वर्षं आहे!"

"बाबा, बाजूला व्हा. एकदाच बघा, मग मला काय बोलायचं ते बोला." तिचा आवाज चिरकला. तो ऐकून असेल, मिस्त्री मागं सरले आणि हात एप्रनच्या खिशात गेला.

तिनं टूल जॉबपासून लांब नेलं. कोपऱ्यातला झाडू आणला, त्याचा दांडा चाकाच्या मुठीला अडकवला, दुसरं टोक खालच्या पत्र्याच्या तबकात टेकवलं. दोघांना भिंतीशी उभं केलं आणि टूल मागं घ्यायचा हुकूम दिला.

झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत. काड्‌कन आवाज आला, चाकाची नुसती चकती दिसली, आणि दांड्याचा हातभर तुकडा मिन्योच्या स्टुलावरून जाऊन दारावर आदळला. बानित्साचा कागद खाली पडला. बीच झाडाचं लाकूड, अंगठ्याएवढं जाड, तंतू तंतू होऊन तुटलं होतं.

मिस्त्रींनी खिशातला हात बाहेर काढला आणि त्याच्याकडं बघत राहिले. तो हात आपला आहे, अजून आहे, याची खात्री करत असावेत. मिन्यो समोर आहे हे ते विसरले. हात पानासारखा थरथरत होता, बोटं एकमेकांवर आपटत होती.

मिन्योनं बघितलं. नेद्कानं मिन्योला बघताना बघितलं, आणि तिला वाटलं, संपलं. सगळं यासाठी केलं आणि मीच उघडं पाडलं.

मिन्योनं हळूच स्वतःचा हात पुढं धरला आणि हलवला. "हे बघ राचो, माझाही कापतोय. भ्यालो बुवा! असलं बघून कोण नाही भिणार?"

गावाच्या भोंग्याला एवढी माया असेल असं नेद्काला कधी वाटलं नव्हतं. वाट मोकळी करून दिली होती त्यानं. मिस्त्रींनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं.



"तुझा भीतीनं कापतोय, मिन्यो," ते म्हणाले. "माझा गेल्या शरदापासून कापतोय. तुझं पोलाद चांगलं होतं. दोन्ही शाफ्ट मी घालवले."

मिन्योचा हात खाली आला.

"पाना दे," मिस्त्री नेद्काला म्हणाले.

"मी काढते, बाबा."

"पाना दे म्हणतोय."

तिनं दिला. चाकाच्या मधल्या नटावर पाना बसेना. दर वेळी तो नटावर खडखडायचा आणि सटकायचा. त्या शेडमध्ये डोळे मिटून नट काढणाऱ्या माणसाला तो नट सापडत नव्हता, आणि हे बघणं नेद्काला सोसवेना. ती पुढं झाली. मिस्त्रींनी तिच्याकडं न बघता डाव्या कोपरानं तिला थोपवलं. मिन्यो उठून दाराकडं तोंड करून उभा राहिला. शेवटी पाना बसला, नट करकरला आणि चाक सुटून त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते फेकलं नाही, गाब्रोवोचेच ते. बाकावर ठेवलं आणि वर फडकं टाकलं.

मग जॉबवरची रेघ अंगठ्यानं चाचपली. "मटेरियल आहे अजून. पुढच्या कटात निघून जाईल. मिन्यो, तोंड वळव इकडं. शाफ्ट पाहिजे ना?"

"पाहिजे तर," मिन्यो वळून म्हणाला. "आणि पुढच्या महिन्यात दुसरा. कुणी केला ते मी विचारत नाही. पंप चालला पाहिजे."

"विचार की. बाजारात विचारलं तर सांग, राचोचा हात गेला. लेथ आहे, पोरगी आहे, आणि बरोबर-चूक बघायला राचो आहे."

"किती दिवस लपवलंत, बाबा," नेद्का म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते तिनं आवरलं नाही.

"तूही लपवलंसच की. तुला काय वाटलं, मला कळत नव्हतं?" ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले, नव्या जागेवर, बटणांच्या पेटीसमोर. "कुठलं बटण?"

तिनं हिरवं दाखवलं. त्यांनी बोट पुढं केलं. ते आधी डावीकडं टेकलं, मग उजवीकडं. मिन्यो सगळं बघत होता. मिस्त्रींनी हात मागं घेतला नाही, आवळला नाही, खिशातही घातला नाही. तसाच थरथरता पंजा सबंध उघडा करून त्यांनी बटणावर ठेवला आणि दाबला.