सवतीचा शोपाँ

परभणीत त्या काळी पियानो एकच होता, आणि तो दिनकरराव वकिलांच्या दिवाणखान्यात होता. जालन्याच्या छावणीतला कुणी साहेब विलायतेला परत निघाला, त्याचं सामान लिलावात आलं, त्यात वकीलसाहेबांनी तो घेतला आणि मालगाडीत घालून आणवला. स्टेशनापासून घरापर्यंत तो ओढायला आठ बैल लागले असं लोक सांगत. बैल चारच होते. पण ज्या गावात मुकदम्याच्या तारखा सोडल्या तर दुसरं काही घडत नाही, तिथे चाराचे आठ व्हायला कितीसा वेळ लागतो?

पियानो आणला तो थोरलीसाठी. थोरली म्हणजे पार्वतीबाई, हैदराबादेत मिशनच्या शाळेत शिकलेली. ती सातव्या महिन्यात बाळासकट गेली, आणि वर्षाच्या आत धाकटी आली. धाकटीचं नाव कमल. तिचे वडील सिकंदराबादेला रेल्वेत गार्ड होते. शेजारच्या मिस डिक्रूझ नावाच्या म्हातारीने हौसेने पोरीला पियानो शिकवला होता, आणि तेवढ्याच गुणावर हे स्थळ चालून आलं. ना पत्रिका नीट पाहिली, ना रंग. कमलला तेव्हा त्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं! आपल्या बोटांना कुणीतरी मागणी घातली असं ती मैत्रिणींना सांगत सुटली होती. भाबडी पोर.

मंगळसूत्राच्या पाठोपाठ सासूने, चतुराबाईंनी, तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात तो येतोच. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. आंब्याची पहिली फोड टाकाला दाखवायची, मग तोंडात घालायची. मेलेल्या माणसाला पहिला मान दिला तर आपलं काय जातं, असं म्हणून कमलने ते आनंदाने केलं.

चुकली ती पाडव्याला. गुढी उभारून झाल्यावर ती पियानोपाशी बसली आणि तिने हायडन वाजवला.

मिस डिक्रूझचं एक तत्त्वज्ञान होतं. म्हातारी म्हणायची, माणूस काय वाजवायला निवडतो त्यावरून तो कसा आहे ते कळतं. बेथोव्हन निवडतो त्याला दुसऱ्याला दिपवायचं असतं. शोपाँ निवडतो त्याला कुणीतरी आपल्याकडे बघत राहावं असं वाटतं. बाख निवडणाऱ्याला कुणी ऐकायला नसलं तरी चालतं. आणि हायडन हा पोटभर जेवून सुखाने बसलेल्या माणसाचा. कमल हायडनची होती. तिला एकच सोनाटा पूर्ण यायचा, तोही तोंडपाठ; वही म्हातारीची होती, ती सिकंदराबादेलाच राहिली. पण तो वाजवताना कमलला हसू फुटायचं, आणि तेवढं तिला पुरायचं.

त्या दिवशी मधेच खाडकन तार तुटली.

"तिला न दाखवता वाजवलंस," चतुराबाई म्हणाल्या. "लुगडं दाखवतीस अन् ह्ये न्हाई व्हय? ही पेटी तर तिचीच हाय."

चैत्रातल्या परभणीत पियानोची तार तुटायला सवत लागत नाही, ऊन पुरतं. पण त्यानंतर आठच दिवसांनी कमलला तिसरा महिना होता, तो गर्भ गेला. मग कुणी कितीही शहाणं असलं तरी काय बोलणार?  कमलनेही मनातल्या मनात टाकाची माफी मागितली.

तेव्हापासून नेम ठरला. वकीलसाहेब अदालतीतून आले, चहा झाला, की कमलने आधी पार्वतीबाईचं आवडतं वाजवायचं: शोपाँचं एक नॉक्टर्न, संथ, रडवेलं. ते टाकाला पोचलं की मग आपलं. पण आपली पाळी कधी आलीच नाही. नॉक्टर्न संपलं की दिनकरराव डोळे मिटूनच म्हणत, "पुन्हा एकदा." ते पुन्हा झालं की उठून जात.

पार्वतीबाईची शोपाँची वही पियानोवरच राहिली होती; तीत त्या नॉक्टर्नवर तिने पेन्सिलीने बोटांचे आकडे घातले होते. इथे तिसरं बोट, इथे करंगळी. पहिले काही दिवस कमल त्यांच्याशी भांडली, कारण तिचा हात लहान होता. मग सवय झाली. मग एक दिवस फुलांची परडी उचलताना तिच्या लक्षात आलं की करंगळी बाहेरच्या अंगाला वाकते आहे; अशी ती पूर्वी वाकत नव्हती. देवघरापुढे बसलेल्या चतुराबाई तिच्या हाताकडे बघतच राहिल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिला हायडनचं नावही काढायची बंदी झाली. पाचव्या महिन्यात दिनकरराव तिला पहिल्यांदा "पारू" म्हणाले. नॉक्टर्न नुकतं संपलं होतं. त्यांना चूक कळली असेल असं वाटून कमल थांबली, पण ते शांतपणे म्हणाले, "पुन्हा एकदा, पारू." मग ते रोजचंच झालं. कमलला भीती बसली. हात थोरलीचे झाले, नाव थोरलीचं झालं. आता सातवा महिना लागला की पुढचंही तिच्यासारखंच होणार, आपण जाणार आणि बाळही जाणार, हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. दुपारी पडल्या पडल्या ती टाक मुठीत धरून विचारायची, "बाई, मी तुम्हाला रोज देते ना? मग का येताय माझ्या अंगात?"

घट बसायला चार दिवस होते, आणि सातवा त्याच आठवड्यात लागत होता. नवरात्राआधी आमच्याकडे घर असं धुऊन काढतात की पालीलाही जागा उरू नये. धनगरवाड्यातून कामाला येणारी कासाबाई कसर लागू नये म्हणून पियानोत कडुलिंबाचा पाला घालायला बसली. तिने पायाशी असलेली फळी काढली, आणि आतून जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली एक वही निघाली.

वही बाखची होती. कमलने पानं उलटली. पानापानावर बोटांचे आकडे होते; लिहिलेले, खोडलेले, पुन्हा लिहिलेले, खोडून खोडून कागद विरलेला. कोपरे पानं उलटून काळे पडले होते. शोपाँच्या वहीत मात्र त्या एका नॉक्टर्नखेरीज एकाही पानाला पेन्सिल लागलेली नव्हती. हे कमलला माहीत होतं. त्याचा अर्थ आजवर लागला नव्हता.

"कासाबाई, ही कुणाची?"

"थोरल्या बाईसायबाची की. सायब अदालतीत गेलं की ह्येच वाजवायच्या. मला निसतं टकटक वाटायचं, पर त्यांचं तोंड बघावं! लय खुलायचं."

"आणि ते संध्याकाळचं?"

"त्ये सायबासाठी. त्ये वाजवताना काढा पेल्यावानी तोंड करायच्या."

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला कुनी इचारलं?" कासाबाई म्हणाली आणि पाला घालू लागली.

कमल खाली जमिनीवरच बसली. ज्याला कारलं सोसत नाही त्याच्या पानात दोन वर्षं रोज कारलंच वाढायचं, आणि वर म्हणायचं, हा तृप्त का होत नाही! सगळं घर हेच करत आलं होतं. नवऱ्याची आवड त्यांनी सवतीच्या नावाने सवतीलाच वाढली होती.

शुक्रवार होता, निजामी अदालतीला सुट्टी. दिनकरराव बाहेरच्या खोलीत पक्षकारांशी बोलत होते. कमलने बाखची वही टाकाला लावली, नवं लुगडं लावतात तशी, आणि झाकण उघडलं.

बाख ती कधी शिकली नव्हती. एकेक सूर वाचत, अडखळत जाऊ, एवढंच तिने ठरवलं होतं. पण पहिल्या ओळीनंतर बोटं डोळ्यांच्या पुढे धावू लागली. दोन हात दोन बायांसारखे बोलत होते; एक काही म्हणे, दुसरी तेच जरा वळवून म्हणे. पान उलटायच्या आतच पुढच्या पानावरचं हाताला येत होतं.  कमल घाबरली, तरी थांबली नाही. तिचं तोंड हसत होतं आणि ते हसू तिचं नव्हतं.

"बंद कर!"

दिनकरराव दारात उभे होते. मागे चतुराबाई, हळदीचे हात तसेच.

"बंद कर म्हणतो ना!" ते पुढे आले, झाकणावर हात ठेवला, पण ते लावलं नाही. कमलने शेवटचा सूर येईपर्यंत वाजवलं. 

"हेच म्हणालो होतो मी तिला," दिनकरराव हळूच म्हणाले. "मी लवकर घरी आलो होतो. ती वाजवत होती, मी आल्याचं तिला कळलंसुद्धा नाही. मला राग आला. माझ्यावाचून इतकं सुख? झाकण लावलं, कुलूप घातलं, किल्ली महिनाभर खिशात ठेवली. किल्ली हवी तर माझं आवडतं वाजव, म्हणालो. मग वाजवू लागली. आणि पाहता पाहता मीच समजून बसलो की ते तिचं आवडतं."

चतुराबाई भिंतीला टेकल्या. "म्हंजी आमी लेकराला रोज नगं त्येच वाढलं?" त्या म्हणाल्या. "मेल्यावर बी?"

दिनकरराव कमलच्या पायाशी बसले. वकील माणूस, उभ्या जिल्ह्यात कुणापुढे न वाकलेला. "पारू," ते म्हणाले, "मला माफ कर."

एवढं एक "केलं" म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. नवरा शांत झाला असता, सासूचं समाधान झालं असतं, आणि कमल जन्मभर पारू म्हणून सुखात नांदली असती. शब्द तिच्या ओठावर आलाही होता. तो आपला आहे की सवतीचा, हे न कळून तिने दात घट्ट मिटले.

मग तिने गळ्यातला टाक काढला. चतुराबाई "अगं, न्हाई, न्हाई!" म्हणून ओरडल्या, कारण सवतीचा टाक जिवंतपणी कुणी काढत नाही. कमलने तो नवऱ्याच्या तळव्यावर ठेवला.

"माफी हिच्याकडे मागा," ती म्हणाली. "हिला आजपासून तुम्ही सांभाळा. तिचं तिला दिलं मी. आता माझी पाळी."

ती पियानोकडे वळली. हायडन. बोटं ठेवली, आणि तो सोनाटा निघाला, हलका, पोटभरल्या माणसाचा. चार ओळी गेल्या. पाचव्या ओळीशी हात थांबले. पुढे काय होतं? तिने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तिथेच थांबले. करंगळी बाहेरच्या अंगाला वाकून वाट बघत राहिली. वही सिकंदराबादेला, आणि मिस डिक्रूझ गेल्याचं पत्र मागच्या हिवाळ्यातच आलेलं.

तिने तिसऱ्यांदा सुरुवात केली. दिनकरराव खाली बसूनच ऐकत होते, टाक मुठीत होता. सूर थांबले तसं त्यांनी वर पाहिलं.

"पुढे काय आहे, कमल?" त्यांनी विचारलं.

दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तिचं नाव घेतलं होतं. आणि त्यांना सांगायला तिच्यापाशी काही उरलं नव्हतं.