कणवा

मासळी विकणाऱ्या फिलोमीनं पाटी मास्तरांच्या ओट्यावर उतरवली आणि वरचं ओलं गोणपाट बाजूला केलं. पाटीभर माकूळ होतं, मऊ अंगाची, सोंडांची मासळी. तिथल्या बोलीत कणवा. हीच हाक देत ती रोज गल्लीगल्लीतून फिरायची. सूसैमाणिक्कम मास्तरांनी वही उघडली. तमिळ किनाऱ्यावरच्या या मणप्पाड गावातल्या कोळ्यांचे शब्द ते चार वर्षं टिपत होते.

"पाठीतलं हे पांढरं?"

"ओडु. वैद्य म्हणतो समुद्रफेस. फेस कसला, हाड आहे ते."

मास्तर हसले. मग, खरं तर गप्प बसायचं सोडून, म्हणाले, "गंमत बघा अम्मा. जुन्या तमिळमध्ये बायको नवऱ्याला हाक मारायची ती अशीच. कणवा."

"आम्ही नुसतं खोकायचो. तेवढ्यावर वळायचा."

बोलता बोलता तिचा हात पाटीवरच थांबला. नऊ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची, अरुळप्पनची होडी त्याच्याशिवाय परत आली होती. त्यानंतरच तिनं पाटी डोक्यावर घेतली होती.

"म्हणजे मी इतकी वर्षं गल्लीगल्लीतून..."

वाक्य तसंच सोडून तिनं पाटी उचलली. त्या दिवशी हाक ऐकू आली नाही.

पुढचे चार दिवस ती मुक्यानंच गेली. दुपारी परतताना पाटी अर्धी भरलेलीच असायची. "ही येऊन गेली कधी?" मास्तरांची सून शेजारणीला विचारत होती. मास्तरांनी वहीतली 'कणवा: नवऱ्याला हाक' ही ओळ खोडरबरानं पुसली. जोर जास्त झाला, कागद फाटला.

पाचव्या दिवशी ती ओट्यापाशी थांबली.

"मास्तर, तोंडच उघडत नाही. विकू कशी? त्या शब्दाला दुसरा अर्थ नाही का?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आहे. बोलताना शेवटचा य गळतो, पण कणवाय म्हणजे खिंड. डोंगरातून पलीकडे जायची वाट."

"आपल्याकडे कुठेत डोंगर?"

"नाहीत."

"मग बरंय. कुणाचं काही जात नाही." तिनं डोक्यावरची चुंबळ नीट केली. "शिकलेल्या माणसानं आधी सोपा अर्थ सांगावा, मास्तर."

"चुकलंच माझं."

ती चर्चच्या वळणापर्यंत गेली. तिथून हाक आली, आधी चाचरत, मग मोकळी. दोन दारं उघडली.

मास्तरांनी फाटक्या कागदाशेजारी 'खिंड' असं लिहिलं. पेन्सिल तशीच धरून ते ऐकत राहिले. शेवटचा 'आ' ती लांबवत होती, लांबवून क्षणभर थांबत होती.

खिंडीला कुणी अशी हाक मारत नाही. त्यांनी वही मिटली.