मी क्षत्रप, राज्य राखणारा

मी एक शब्द बोलतोय, आणि रागावून बोलतोय. क्षत्रप माझं नाव. 'क्षत्र' म्हणजे राज्य, 'पा' म्हणजे राखणं; या दोघांच्या पोटी, जुन्या इराणी घोडेस्वारांच्या तोंडात मी जन्मलो. तुमचा क्षत्रिय माझा चुलतभाऊच. शाहांनी मला आपल्या सुभेदारांना लावलं आणि माझं वाटोळं झालं.

बाल्ख प्रांतात बगपान नावाचा सुभेदार मला मिरवायचा. भिंतीआडच्या आपल्या बागेसाठी त्यानं गावाचा पाट वळवला. तिकडे त्याची हरणं डुंबायची, इकडे गावातले जर्दाळू वाळायला लागले.

गावकरी दाद मागायला आले. शाहांपुढे लांब बाह्यांत हात लपवून उभं राहायची रीत. हात अडकून राहावेत, सुरा उपसता येऊ नये म्हणून. हा मान फक्त शाहांचा. बगपानला तोही हवा होता. सगळ्यांनी मुकाट हात आत घातले, पण वर्दना नावाच्या विधवेनं घातले नाहीत.

"ए म्हातारे, हात आत!" बगपान गुरकावला.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. "शाह आलेत होय? मला तर तूच दिसतोस बाबा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिचा पुतण्या अस्पाद कुजबुजला, "काकू, घाल ना गं! पाणी पदरात पडू दे, मग घाल शिव्या."

"पोरगा शहाणा आहे," बगपान म्हणाला. "हात घाल, 'क्षत्रपाचा जय' म्हण, उद्याच पाट सोडतो."

"तुला राखायला ठेवलंय. कुंपणच शेत खायला लागलं, तर कुंपणाचा जय कसला? आधी पाणी सोड, मग म्हणते."

बगपानचा चेहरा उतरला. शाहांचा मान घेतल्याची खबर गेली तर मुंडकं जायचं. पण शाह लांब होते, कुऱ्हाडी जवळ. दुपारीच शिपायांनी वर्दनाची जर्दाळूची झाडं बुंध्यापासून तोडली. गावकरी बाह्यांत हात घालून बघत राहिले. मीही बघत राहिलो. माझा मलाच संताप आला.

पुढे यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, मला चावून 'सत्रप' केलं. आता तुमच्या वर्तमानपत्रांत मी कुठल्याही दांडग्या पुढाऱ्याला चिकटतो. अरे, लावण्याआधी तो काय राखतो ते तरी विचारा!

वर्दनाची झाडं गेली, पाणीही आलं नाही. तरी मरेपर्यंत तिनं त्या माणसाला माझं नाव दिलं नाही. मला राखलं ते तिनं एकटीनं.